बुद्धीचा दाखला

"हल्लीचे मोबाइलवरचे खेळ बुद्धी बोथट करतात, टचस्क्रीन नवी होती त्या काळातले खेळ निदान तिला धार तरी लावीत," असे विधान एका विद्वान स्नेह्यांनी परवा इतक्या निःशंकपणे केले की, त्याची शहानिशा केल्यावाचून मला स्वस्थ बसवेना.

र्‍यूता कावाशिमा या जपानी मेंदूशास्त्रज्ञांच्या ग्रंथाच्या आधारे निन्टेन्डोने 2005 साली काढलेला 'मेंदूचे वय' सांगणारा खेळ आणि पुढे त्याच वळणाचा गेमलॉफ्टचा 'ब्रेन चॅलेंज' बहुतेकांना ठाऊकच आहेत. झटपट बेरजा कराव्यात, आकृत्या लक्षात ठेवाव्यात आणि शेवटी गुणांचा आकडा पाहावा, एवढाच त्यांचा व्यवहार. परंतु आकडा नेमका कशाचा? टचस्क्रीन नवी असतानाच्या, 2008 च्या नोकिया 5800 सारख्या फोनची स्क्रीन दाबावर चाले. काचेवरचा लवचिक थर खालच्या थरास टेकला तरच स्पर्श रुजू होई. म्हणजे उत्तर मनात तत्काळ स्फुरले तरी स्टायलसच्या कांडीचा दाब ओझरता पडला की वेळ गेला, आणि तो गेलेला वेळ बुद्धीच्या खाती मांडला गेला!

आणि आकडा वाढला, तरी तो सरावाने की बुद्धीने? येथे सराव आणि बुद्धी यांतला भेद मला महत्त्वाचा वाटतो. 2010 साली 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 11,430 जणांवर सहा आठवडे चाललेल्या प्रयोगात लोक ज्या कोड्यांचा सराव करीत त्यांत तरबेज झाले; त्यांच्याशी मिळत्याजुळत्या, पण सराव न केलेल्या कसोट्यांत मात्र त्या सरावाचा लाभ दिसला नाही.

मग सराव तुच्छ मानावा काय? जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाउणकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे घोकून घेत. त्या घोकंपट्टीने कोणी प्रज्ञावंत झाला असे नाही, परंतु सव्वापाच शेर धान्याचा हिशेब तोंडी चोख होई, आणि तेवढ्यासाठीच ती होती. तिने आपल्या कामापलीकडचा हक्क कधी सांगितला नाही.

स्नेही म्हणतात, "असेना का खोटा आकडा, उतारवयातल्या माणसाला उभारी मिळाली, यात बिघडले काय?" बिघडले ते असे की, म्हातारपणी विस्मरणाच्या भयाने ग्रासलेल्या माणसाला त्या भयावरचा उतारा म्हणून ही उभारी विकली जाते. याच वर्गातल्या 'ल्युमोसिटी'च्या चालकांना फसव्या जाहिरातींच्या आरोपावरून 2016 साली अमेरिकेत 20 लाख डॉलर भरून तडजोड करावी लागली.

या खेळांना निरुपयोगी ठरवावे, या हेतूने मी विचारास प्रवृत्त झालो होतो. आता वाटते, निरुपयोगी असणे हा खेळाचा दोष नव्हेच. अवघड बेरीज अचूक सुटताच मनाला होणारा आनंद स्वयंपूर्ण आहे. त्याला आरोग्याचा जामीन लागत नाही. खेळावर औषधाची चिठ्ठी डकवली की खेळणारा रोगी होतो आणि हरणे हे रोगाचे लक्षण ठरते. म्हणून ते जुने खेळ पुन्हा अवश्य खेळावेत. फक्त मेंदूच्या वयाचा दाखला त्यांच्याकडे मागू नये.