साहेबांना सांगायचे कोणी?



साहेबांचे कुठे चुकते, हे आपल्यापैकी अनेकांना दिसत असते. संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये आपण ते शेजारच्या प्रवाशालाही सांगतो. सांगत नाही ते फक्त साहेबांना! कारण विचारले तर म्हणतो, ‘वरिष्ठांचा मान राखायला हवा.’ हा खरोखर मान असतो, की स्वतःचा बचाव?

भीती खोटी नसते. घराचा हप्ता असतो, मुलांची फी असते. नोकरी जपणे हे पाप नव्हे. परंतु आपल्या मौनाची किंमत पुष्कळदा दुसऱ्यालाच मोजावी लागते.

२७ मार्च १९७७ रोजी तेनेरीफ ह्या स्पॅनिश बेटावरील विमानतळावर दाट धुके होते. के.एल.एम.च्या कप्तानाने उड्डाणासाठी वेग घेतला, तेव्हा पॅन ॲमचे विमान त्याच धावपट्टीवर होते. फ्लाइट इंजिनिअरला शंका आली. ते विमान बाजूला झाले नाही का, असे त्याने विचारले. कंपनीतील अत्यंत ज्येष्ठ अशा त्या कप्तानाने शंका ठामपणे झटकली. काही सेकंदांत टक्कर झाली आणि ५८३ जण प्राणास मुकले. अपघाताला इतरही कारणे होती आणि इंजिनिअर निदान बोलला तरी. पण ‘थांबा’ असे सांगण्याची वेळ असताना तोंडून निघाला तो प्रश्न. पुढे विमान कंपन्यांनी कनिष्ठांना स्पष्ट बोलण्याचे आणि कप्तानांना ऐकून घेण्याचे प्रशिक्षण देण्यास सुरुवात केली.

कनिष्ठाने वरिष्ठाची चूक दाखवावी काय, हा प्रश्न १३ व्या शतकात संत थॉमस अक्वायनस ह्यांनीही हाताळला. त्यांचे उत्तर असे: शिक्षा करण्याचा अधिकार वरिष्ठांचा, परंतु प्रेमापोटी चूक दाखवणे हे सर्वांचेच कर्तव्य. मात्र ते उद्धटपणे नव्हे, सौम्यपणे व आदराने करावे. सौम्यपणा स्वरात असावा. सांगायची गोष्ट मात्र पातळ करू नये.

म्हणून आधी एकांतात बोलावे. स्वभावावर नव्हे, कामावर बोलावे. ‘तुम्ही नेहमी असेच करता’ ह्याने मने दुखावतात. ‘सर, आपण ही तारीख दिलीत तर आपल्या माणसांना रात्री जागाव्या लागतील,’ ह्यावर विचार होऊ शकतो. आणि बोलण्यापूर्वी स्वतःला विचारावे: हे आपण कोणाच्या भल्यासाठी बोलत आहोत?

अंत्युखियात संत पौलाने संत पेत्राची चूक त्याच्या तोंडावर सांगितली. कनिष्ठाकडून चूक ऐकून घेण्यात कमीपणा मानू नये, हा धडा पेत्राने वरिष्ठांना घालून दिला, असे अक्वायनस संत ऑगस्टीनच्या आधारे म्हणतात. आपणही कोणाचे तरी साहेब असतोच: दुकानात, संघटनेत, घरात. आपल्याकडे कामाला येणारी बाई आपली चूक आपल्याला निर्धास्तपणे सांगू शकते काय?