रीडिंग न घेता निकाल

झाला का गोंधळ घालून? प्रयोगशाळा आहे ही, कट्टा नव्हे. टेबलावर स्पेक्ट्रोमीटर, त्यावर लोलक, सोडियमचा दिवा कधीचा तापून पिवळाधमक झालाय आणि न्यूनतम विचलन कोनाचं एक रीडिंग नाही कुणाकडे. पाऊण तास चाललंय काय, तर पिंक फ्लॉइडचा सगळ्यात भारी अल्बम कोणता! ‘डार्क साइड ऑफ द मून’ की ‘विश यू वेअर हिअर’, ‘ॲनिमल्स’ की ‘द वॉल’. आवाज व्हरांड्यापर्यंत येत होता. मला वाटलं, कुणीतरी कुणाची कॉलर धरली.

वाद घातलात म्हणून मी रागावलेली नाही. तुमच्या वयात नाही घालायचा तर केव्हा घालायचा? पण मी दाराशी उभी राहून बराच वेळ ऐकत होते. ‘मी ऐकलं’ हे दोन शब्द एकाच्याही तोंडून बाहेर पडले नाहीत. ‘दादा म्हणतो’, ‘सगळेच म्हणतात’, ‘यादीत पहिला आहे’. शेजारच्याचं रीडिंग जर्नलमध्ये उतरवता ना, त्याच्या चुकलेल्या दशांश चिन्हासकट? तशीच ही मतं. उतरवलेली. आणि वर आवाज चढवायचा!

तू रे, काळा टी-शर्ट. उभा राहा. छातीवर लोलक मिरवतोस, त्यातून रंग किती बाहेर पडतायत ते मोज. आत्ता मोज, मान खाली घालून. किती? सहा. तानापिहिनिपाजा लहानपणी घोकलं होतंस की नाही? मग पारवा कुठे गेला? हिप्नोसिस या कंपनीने केलेलं ‘डार्क साइड’चं हे मुखपृष्ठ, जॉर्ज हार्डीने रेखाटलेलं. त्यात पारवा नाही. भौतिकशास्त्राचा विद्यार्थी तू, हे चित्र अंगात घालून माझ्याच तासाला बसतोस आणि एकदाही मोजत नाहीस. त्या अल्बमच्या आतल्या आवाजांबद्दल तुझं मत मी कशाला मनावर घेऊ?

त्यातलं ‘मनी’ पाठ आहे म्हणतोस. टाळी धर बरं. अडखळलास? अडखळणारच. सात मात्रांचं आहे ते. गायनाच्या क्लासला रूपक शिकलेल्या पोराला चटकन सापडेल. विभागणी वेगळी असेल, पण मोजायचं सातच. गिटारचा सोलो लागतो तिथे चाल सातावरून चारावर येते. ती जागा ज्याला कळली नाही, त्याच्या कानावरून ‘मनी’ नुसतं गेलंय. सुरुवातीचा तो नाण्यांचा खळखळाट कुठून आला? बँडमधल्या रॉजर वॉटर्सची बायको मातीची भांडी घडवायची. तिच्या माती कालवायच्या भांड्यात नाणी टाकून त्याने तो आवाज टिपला. मग नाणी, फाटणारा कागद, गल्ल्याचं यंत्र असे सात आवाज टेपवर घेतले, फूटपट्टी लावून सारख्या लांबीचे तुकडे कापले, चिकटवले आणि त्या टेपचं वेटोळं यंत्रावर फिरवत ठेवलं. फूटपट्टीने, बाळांनो! आणि तुम्हाला व्हर्नियर वाचायचा कंटाळा येतो.

बरं, त्याच अल्बममध्ये ते बिनशब्दांचं गाणं आहे, ‘द ग्रेट गिग इन द स्काय’. कोण गायलंय ते? बघा, सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. क्लेअर टॉरी. जानेवारी 1973, रविवारची एक शिफ्ट, बिदागी सुमारे 30 पौंड. रिचर्ड राइटच्या पियानोवर त्या बाईने गळ्यातून जे काढलं ते आधी कुणी बसवून दिलेलं नव्हतं. रचनेत आपलाही वाटा आहे, हे मान्य करून घ्यायला तिला दावा लावावा लागला. 2005 मध्ये तडजोड झाली, तेव्हा कुठे तिचं नाव राइटच्या शेजारी लागलं. ‘ऑल टाइम ग्रेट’ म्हणून बाक बडवताना हे नाव तुमच्यापैकी एकाला माहीत नव्हतं.

दुसरे शहाणे आकडे घेऊन आले. ‘डार्क साइड’ 741 आठवडे अमेरिकेच्या यादीत होता, म्हणून तोच श्रेष्ठ. आकडा बरोबर आहे, 1973 ते 1988 या काळातला. पण निम्माच सांगितलास. त्याच अमेरिकेत तो पहिल्या क्रमांकावर टिकला एक आठवडा. आणि 1973 साली इंग्लंडमध्ये, स्वतःच्या घरी, दुसऱ्याच्या वर गेला नाही. तिथे 1970 मध्येच पहिला नंबर काढला होता ‘ॲटम हार्ट मदर’ने, मुखपृष्ठावर गाय असलेल्या. त्या अल्बमला पुढे बँडमधल्याच गिलमोर आणि वॉटर्स या दोघांनीही नावं ठेवली. एरवी त्या दोघांचं कशावर एकमत होत नाही. आता सांग, तुझ्या आकड्यांनी सिद्ध काय झालं?

‘द वॉल’वाल्यांचं वेगळंच. मी आत आल्याबरोबर मागच्या बाकावरून शाळेविरुद्धचं ते गाणं कुणीतरी गुणगुणायला लागलं. ऐकू येतं मला. त्या गाण्यात जी मुलं ओरडून गातात ती लंडनच्या इस्लिंग्टन ग्रीन शाळेतली, आणि त्यांना गायला नेलं त्यांच्याच संगीताच्या शिक्षकाने. कुणाच्या खांद्यावरून बंदूक चालवताय, कळलं? त्या अल्बमच्या वेळी राइटला बँडबाहेर काढलं आणि कार्यक्रमांपुरता पगारावर ठेवला. अवाढव्य भिंत बांधून केलेल्या त्या दौऱ्यात बाकीचे तोट्यात गेले. पगार मिळाला तो राइटला. असा बँड आतून फुटत असताना केलेला दुहेरी अल्बम आहे हा. त्यातलं एक गाणं रिंगटोन म्हणून ठेवलं की झाला का ऐकून?

आणि ‘ॲनिमल्स’. डिसेंबर 1976 मध्ये बॅटरसी वीजकेंद्रावरून मुखपृष्ठासाठी फुगवलेलं ते डुक्कर सुटलं आणि केंटमधल्या शेतात जाऊन पडलं, ही गोष्ट तुम्हा सगळ्यांना तोंडपाठ. डुकराची गोष्ट पाठ, पण ‘डॉग्ज’ शेवटपर्यंत किती जणांनी ऐकलं? सतरा मिनिटं आहे. मोबाइल खाली ठेवायला लागतो सतरा मिनिटं. या अल्बमच्या दोन टोकांना दीड मिनिटाहूनही छोटी दोन गाणी आहेत, नुसता गळा आणि साधी गिटार. मधे तीन लांबलचक, कडू जहर गाणी. ती दोन चिमुकली गाणी काढून टाका, मधल्या तिघांचा कडूपणा नुसता त्रागा वाटेल. शफल लावून बसणाऱ्याला हे कळायचं कसं? तुम्ही अल्बमवर भांडताय, पण अल्बम ऐकलेलाच नाही. सुटी गाणी ऐकली आहेत, तीही यंत्राने पुढे केली त्या क्रमाने.

क्रमाला इतकं महत्त्व कशाला, असं तोंड करू नका. ‘डार्क साइड’ बाजारात आला मार्च 1973 मध्ये. पण जानेवारी 1972 पासून बँडचे चौघे तो सलग लोकांपुढे वाजवत होते, सुधारत होते. पहिल्यांदा ब्रायटनला वाजवला तेव्हा यंत्रं दगा देऊन ‘मनी’पाशी गाडी अडली. पुढे वर्षभर दुरुस्ती केली, मग निकाल लावला. 2007 साली वॉटर्स मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात आला होता, तेव्हाही त्याने तो पहिल्यापासून शेवटपर्यंत ओळीनेच वाजवला. ज्याने केला त्याला तुकडे चालत नाहीत, तुम्हाला चालतात.

आता खरा मुद्दा. अकरावीतली ती मुलगी भीत भीत म्हणाली की तिला 1994 चा ‘द डिव्हिजन बेल’ आवडतो. तुम्ही सगळे फिदीफिदी हसलात. वॉटर्स नसलेला अल्बम, तो काय अल्बम, वगैरे. कुणी तिला ‘का’ असं विचारलं? मी विचारलं, बाहेर. ती म्हणाली, ‘कीप टॉकिंग’मध्ये यंत्रासारखा आवाज बोलतो तो कुणाचा हे शोधत बसले आणि स्टीफन हॉकिंगपर्यंत पोचले. एका टेलिफोन कंपनीच्या जाहिरातीतला आवाज आहे तो, गिलमोरला भिडला म्हणून घेतला. शेवटच्या गाण्यातली घंटा कुठे सुरू होते, कुठे विरते, तेही तिने सांगितलं. हॉकिंगचं पोस्टर या खोलीच्या दारावर तुम्ही चिकटवलंय आणि त्याचा आवाज ओळखला तिने! या खोलीत रीडिंग घेतलेली ती एकटी. तिचं मत मला पटत नाही, माझ्या मते तो अल्बम मधे मधे सैल पडतो. पण तिच्याशी मी वाद घालेन. तुमच्याशी घालायला तुमच्याकडे आहे काय? उद्या तिची माफी मागायची. सगळ्यांनी, आणि दात न काढता.

माझं मत? ‘विश यू वेअर हिअर’, 1975. का ते सांगते, कारणाशिवाय मत द्यायची सवय मला नाही. पाचच गाणी. पहिल्याचे दोन भाग करून अल्बमच्या सुरुवातीला आणि शेवटाला ठेवलेत. हे गाणं सिड बॅरेटवर, ज्याने बँड उभा केला आणि 1968 मध्ये ज्याच्याविना त्यांना पुढे जावं लागलं. जून 1975 मध्ये त्याच्यावरच्याच अल्बमचं काम चालू असताना बॅरेट अचानक स्टुडिओत येऊन उभा राहिला. सुटलेला, डोकं आणि भुवया भादरलेल्या. जुन्या मित्रांनी त्याला आधी ओळखलंच नाही. तेवढ्या गोष्टीवर मी मार्क देत नाही. मार्क देते शीर्षकगीताच्या पहिल्या मिनिटाला. आधी रेडिओतून यावी तशी बारीक, खरखरीत गिटार येते. मग ती ऐकत खोलीत बसलेल्या कुणीतरी स्वतःची गिटार उचलावी तशी दुसरी लागते, भरीव, अगदी कानाशी. तार बदलताना बोटं घासल्याचाही आवाज येतो. समोर नसलेल्या माणसाला साथ देणं आहे ते, आणि एक शब्द गायच्या आधी सांगून झालेलं असतं. ‘डार्क साइड’ची कारागिरी जास्त अचूक असेल, मान्य. पण ही जागा त्यात नाही.

पटलं नाही? उत्तम. शुक्रवारी प्रॅक्टिकलनंतर थांबा. प्रत्येकाने आपला अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, क्रम न बदलता, मधे न उठता ऐकून यायचं. कागदावर लिहून आणायचं की कोणत्या मिनिटाला काय ऐकलं. कागद नसेल त्याने बोलायचं नाही. पहिली पाळी ‘ॲनिमल्स’वाल्यांची. आणि आता दिवा बंद व्हायच्या आत लोलक टेबलावर नीट बसवा, तीन तीन रीडिंग मला आजच हवीत.