पायी जाण्याजोगा शेजार



माणूस चांगला कशामुळे होतो? अंतःकरणामुळे, असे आपण चटकन म्हणू, आणि ते खरेच आहे. पण तो ज्या रस्त्यावर राहतो, त्या रस्त्याचाही त्यात काही वाटा असतो का? प्रश्न थोडा विचित्र वाटेल. रस्ते बांधणे हे पालिकेचे काम आणि चांगले वागणे हे आपले, अशी वाटणी आपण मनाशी करून टाकली आहे. ही वाटणी कितपत खरी आहे ते आज पाहू या. उदाहरण मात्र दूरचे, अमेरिकेतले घेणार आहोत. आता ते तितकेसे दूरही राहिलेले नाही म्हणा; आपल्या कितीतरी घरांतली मुलेबाळे तिथे स्थायिक झाली आहेत.

नातवंडे सांभाळायला सहा महिने जाऊन आलेले आपले आजी-आजोबा काय सांगतात, ते आपण ऐकले असेल. घर ऐसपैस, मागेपुढे हिरवळ, मुलगा-सून प्रेमाने करतात, कशाला कमी नाही. पण दार उघडून बाहेर पडावे तर जायचे कुठे? दूध आणायचे तर गाडी, केस कापायचे तर गाडी, देवळात जायचे तर गाडी. काही वस्त्यांत तर फुटपाथच नाही. चालणारा माणूस दिसला की लोकांना वाटते, याची गाडी कुठेतरी बंद पडली असावी. ज्याला गाडी चालवता येत नाही तो तिथे सत्तराव्या वर्षी पुन्हा लहान मूल होतो. रविवारची मिस्सासुद्धा मुलाच्या सवडीने!

मात्र आठवड्यातली एक संध्याकाळ ते आवर्जून सांगतात. मुलाच्या किंवा जावयाच्या सॉफ्टबॉलची. घडीच्या खुर्च्या घेऊन मैदानाच्या कडेला बसायचे, शेजारच्या खुर्चीतल्या अनोळखी बाईशी मोडक्या इंग्रजीत बोलायचे, कुणाच्या तरी बाळाला मांडीवर घ्यायचे. खेळ फारसा कळत नाही, पण माणसे दिसतात.

सॉफ्टबॉल आपल्या शाळकरी मुलांना ठाऊक आहे. शाळांच्या स्पर्धांत तो असतो. तिकडे प्रौढ माणसे नोकरी सांभाळून हौसेने खेळतात तो प्रकार जरा निराळा. चेंडू खालून, सावकाश, कमानीसारखा उंच टाकतात. एका बाजूला बहुधा दहा खेळाडू, सात डाव, साधारण तासाभरात सामना आटोपतो. पोट सुटलेला हिशेबनीस, शाळेतली बाई, नळजोडणी करणारा, सगळे एका रंगाच्या बनियनमध्ये. यात आम्हाला विशेष वाटली ती पाळीची पद्धत. क्रिकेटमध्ये चांगला फलंदाज दिवसभर खेळपट्टीवर उभा राहू शकतो आणि अकरावा बिचारा पॅड बांधून बसून राहतो. इथे तसे नाही. कितीही उत्तम फटका मारा, पुढची पाळी दुसऱ्याचीच. जो दर वेळी बाद होतो त्याचीही पाळी ठरल्या जागी येते, आणि संघाला ती पाहावी लागते. त्याला टाळून पुढे जाता येत नाही.

हा खेळ जन्मला तोच मुळी शहरातल्या दाटीत. गोष्ट अशी सांगतात, की १८८७ साली थँक्सगिव्हिंगच्या दिवशी शिकागोच्या फॅरागट बोट क्लबात काही तरुण एका फुटबॉल सामन्याच्या निकालाची वाट पाहत बसले होते. निकाल आल्यावर आनंदाच्या भरात एकाने मुष्टियुद्धाचा हातमोजा फेकला, दुसऱ्याने तो काठीने टोलवला. जॉर्ज हॅनकॉक नावाच्या गृहस्थाने मग तोच हातमोजा बांधून त्याचा चेंडू केला. म्हणजे हा प्रथम घरातच खेळायचा खेळ! पुढे तो अंगणात आणि रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत आला. शिकागोत अजूनही सोळा इंच घेराचा मोठा चेंडू घेऊन, हातमोजे न घालता खेळण्याची रीत आहे. मंदीच्या दिवसांत ती फार सोयीची होती. हातमोज्याला पैसे नसले तरी अडत नसे, आणि जड चेंडू फार लांब जात नसल्यामुळे वस्तीतले लहानसे मैदानही पुरत असे. कामावरून येऊन, जेवून, पायी चालत मैदानावर जायचे.

मग शहरे पसरली. १९२६ साली ओहायोतल्या युक्लिड या गावाच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिले, की कोणत्या भागात काय बांधावे याचे नियम गावाला करता येतील. हेतू चांगला होता. घराशेजारी धुराडे कुणाला हवे असते? पण पुढे धुराड्याबरोबर वाण्याचे दुकान, न्हावी आणि चहाची टपरीही घरापासून दूर गेली. १९५६ साली महामार्गांचा मोठा कायदा झाला, दुकानापुढे आणि घरापुढे गाड्यांसाठी इतकी जागा सोडलीच पाहिजे असे नियम गावोगाव झाले. त्या जागेमुळे अंतरे वाढली, आणि अंतरे वाढली म्हणून गाडी आणखी लागू लागली. खेळाची मैदानेही वस्तीतून उठून गावाच्या कडेला गेली. आता एका बेसपासून दुसऱ्या बेसपर्यंतचे साठ-सत्तर फूट धावण्यासाठी माणूस अर्धा तास गाडी चालवतो.

याचा चांगुलपणाशी काय संबंध? रॉबर्ट पुटनम या अभ्यासकांनी २००० साली ‘बोलिंग अलोन’ नावाच्या पुस्तकात मांडले, की रोजच्या प्रवासात दहा मिनिटे वाढली की माणसाचा समाजकार्यातला सहभाग सुमारे दहा टक्क्यांनी घटतो. त्यात मंडळांच्या सभा आल्या, स्वयंसेवा आली. माणसे वाईट झाली म्हणून असे होत नाही. ती थकून घरी येतात, इतकेच.

त्याहून बोलका एक प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाला. डार्ली आणि बॅटसन या दोघा मानसशास्त्रज्ञांनी तो प्रिन्स्टन येथे धर्मशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांवर केला होता. काही विद्यार्थ्यांना चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यावर छोटेसे भाषण करायचे होते, काहींना दुसऱ्याच विषयावर. भाषण पलीकडच्या इमारतीत. वाटेवर एक माणूस दारात वाकून, खोकत आणि कण्हत पडलेला, तो अर्थात मुद्दाम ठेवलेला. काहींना सांगितले होते, ‘तुम्हाला उशीर झाला आहे.’ काहींना, ‘आता निघा.’ काहींना, ‘अजून वेळ आहे.’ वेळ असलेल्यांपैकी ६३ टक्के जण मदतीला थांबले, मधल्यांपैकी ४५ टक्के आणि घाईत असलेल्यांपैकी अवघे १० टक्के. भाषणाचा विषय शोमरोनी आहे की दुसरा, याने म्हणण्यासारखा फरक पडला नाही. शोमरोन्यावर बोलायला निघालेला विद्यार्थी त्या माणसाला ओलांडून गेला, असेही घडले!

यावरून अंतःकरणाला काही किंमत नाही असे कुणी म्हणेल तर ते आम्हाला मान्य नाही. घाईतही दहापैकी एक जण थांबलाच. पण ज्या गावात सगळेच सतत उशिरा आणि काचेच्या आड असतात, तिथे चांगले वागायला संत व्हावे लागते. साध्यासुध्या माणसालाही चांगले वागता यावे, अशी गावाची रचना असणे हा नीतीचाच प्रश्न आहे, असे आमचे मत झाले आहे.

म्हणून तिकडची तरुण जोडपी हल्ली एक स्वप्न बाळगतात, ते आम्हाला निव्वळ चैनीचे वाटत नाही. शाळा, वाणी, बाग आणि देऊळ पायी जाण्याच्या अंतरावर असावे. सॉफ्टबॉलची बॅट खांद्यावर टाकून मैदानावर चालत जाता यावे. जेन जेकब्स या बाईंनी १९६१ साली न्यूयॉर्कच्या हडसन स्ट्रीटवरच्या आपल्या घराच्या खिडकीतून दिसणाऱ्या फुटपाथवर पुस्तकात पानेच्या पाने लिहिली. तिथले लोक पाहुण्यासाठी घराची किल्ली कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडे ठेवून जात. तो किल्ली सांभाळी, पण पाहुणा कोण हे विचारत नसे. हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. शेजार म्हटला की आपल्याला आठवतात त्या चौकशा! ‘काल कोण आले होते? पोरीचे अजून कुठे जमले नाही का?’ आपल्या कितीतरी मुली मोठ्या शहरात निघून गेल्या त्या नुसत्या नोकरीसाठी नव्हे, या डोळ्यांपासून सुटायलाही. पायी जाण्याजोगा शेजार हवा म्हणणाऱ्याने त्या दुकानदाराची जीभ आवरण्याची कलाही मागून घ्यावी.

पण स्वप्नाची खरी परीक्षा पैशाशी आहे. जेकब्स दांपत्याने ते घर १९४७ साली सात हजार डॉलरला घेतले होते. आज त्या भागात घर घ्यायला लाखो डॉलर लागतात. चालण्याजोगे रस्ते थोडे आणि मागणारे फार, मग किंमत चढते. आणि जी बाई त्या सुंदर रस्त्यावरच्या उपाहारगृहात बशा विसळते, ती दोन बस बदलून शहराच्या कडेवरून येते. ज्यांना पायी कामावर जाण्याची सर्वांत जास्त गरज, तेच सर्वांत लांब. असा शेजार विकत घेतला तर त्यात शेजारी कोण उरतात? आपल्यासारखेच, आपल्याच मिळकतीचे, आपल्याच आवडीची कॉफी पिणारे. निवडलेल्या माणसांत राहणे आणि शेजारात राहणे या दोन गोष्टी एक नव्हेत. शोमरोन्याने वाटेवरचा माणूस निवडला नव्हता, तो त्याला आडवा आला होता. सॉफ्टबॉलच्या संघातही दहाजण असेच वाट्याला येतात, निवडून नव्हे.

काही शहरे आता जुने नियम सोडू लागली आहेत. बफेलो शहराने २०१७ साली गाड्यांसाठी जागा सोडण्याची सक्ती काढून टाकली. मिनिआपोलिसने २०१८ साली ठरवले, की जिथे एकाच कुटुंबाचे घर बांधता येत होते तिथे तीन कुटुंबांपर्यंत घरे बांधू द्यायची. आपल्या रस्त्यावर परकी माणसे येतील, गाड्या लावायला जागा उरणार नाही, म्हणून तिथे पुष्कळांनी विरोधही केला. विरोध करणारे काही दुष्ट नव्हते. त्यांनीही कष्टाने घरे घेतली होती, आणि त्यांतल्या कितीतरी जणांनाही चालण्याजोगा रस्ता हवाच होता. फक्त तो दुसऱ्या कुणाबरोबर वाटून घ्यायचा होता, तिथे गाडे अडले.

आपल्याकडे हा वाद अजून त्या रूपात आलेला नाही. आपले आजोबा घंटा ऐकून शेताच्या बांधावरून पायी मिस्सेला येत, आणि येता-येता तीन घरांची ख्यालीखुशाली कळत असे. आता मिस्सा संपली की आवारातून गाड्या आणि स्कूटर बाहेर काढण्याची घाई असते, आणि फाटकाशी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या माणसांना त्या घाईतून वाट काढावी लागते. नव्या इमारतींतून राहायला आलेल्या कुटुंबांपैकी किती जणांची नावे आपल्याला ठाऊक आहेत, हे ज्याचे त्याने मोजावे.

आणि सॉफ्टबॉलचा एक नियम सांगायचा राहिला. हौशी सामन्यांत पुष्कळ ठिकाणी अशी सवलत असते, की ज्याला फटका मारता येतो पण गुडघ्यामुळे पळता येत नाही, त्याने बेसवर पोहोचावे आणि तिथून पुढे त्याच्याऐवजी दुसऱ्याने पळावे. आपल्या एका आजोबांना तिकडे हे पाहून फार नवल वाटले होते. पहिल्या बेसपर्यंत मात्र त्यानेच लंगडत जायचे, आणि तोवर सगळे मैदान त्याच्या नावाने ओरडत असते.