देवदूतांचा अर्ज

देवदूतांच्या भानगडीत पडण्याचं मला खरं म्हणजे काहीच कारण नव्हतं. मी पडलो बी. कॉम. माणूस. जगाच्या दोनच बाजू मला ठाऊक, जमा आणि नावे. स्वर्ग-नरक वगैरे मंडळी मी पहिल्यापासून सस्पेन्स खात्यात टाकून ठेवली आहेत.

पण आमचे हेडकॅशियर नगरकडचे ख्रिस्ती. माणूस वाचणारा. परवा जेवणाच्या सुट्टीत डबा उघडता उघडता त्यांनी मला विचारलं,

"काय हो, देवदूताला माणसाच्या मुलीशी संसार करता येतो का?"

माझ्या हातातली लोणच्याची फोड हातातच राहिली. म्हटलं, "का, कुणाचं स्थळ आलंय की काय?"

मग त्यांनी सगळं प्रकरण सांगितलं. बायबलच्या पहिल्याच पुस्तकात, उत्पत्तीच्या सहाव्या अध्यायात, सुरुवातीला चार वचनं आहेत. देवपुत्रांना माणसांच्या मुली सुंदर दिसल्या आणि त्यांतल्या आवडतील त्या त्यांनी बायका करून घेतल्या. नेफिलीम नावाचे धिप्पाड वीर त्याच काळातले. आणि लगेच पुढच्या वचनापासून देवाला माणसाच्या दुष्टपणाचा वीट येतो आणि गोष्ट जलप्रलयाकडे वळते.

आता हे देवपुत्र कोण? यावर दोन हजार वर्षं वाद चालू आहे. आमच्याकडे नाही का, परिपत्रक चार ओळींचं आणि खुलासे चाळीस पानांचे! एक पक्ष म्हणतो, हे देवदूतच. कारण ईयोबाच्या पुस्तकात देवाच्या दरबारात हजर होणाऱ्यांना हाच शब्द वापरला आहे. दुसरा पक्ष म्हणतो, छे! पुनरुत्थानानंतर माणसं लग्न करणार नाहीत, स्वर्गातल्या दूतांसारखी होतील, असं खुद्द येशूनं सांगितलंय. म्हणजे दूत ब्रह्मचारी. पाचव्या शतकात संत ऑगस्टीननं निकाल दिला, की हे देवपुत्र म्हणजे आदामाचा मुलगा शेथ याच्या वंशातली साधी माणसं. त्यावर पहिला पक्ष म्हणतो, येशू बोलला ते स्वर्गातल्या दूतांबद्दल. हे तर रजा न टाकता खाली उतरलेले!

तेराव्या शतकात टॉमस अक्वायनस आणखी खोलात शिरला. देवदूताला शरीर नसतं, ते तो दिसण्यापुरतं धारण करतो. अब्राहामाकडे देवदूत जेवले, तेही काही खरं जेवण नव्हे. तोबितच्या पुस्तकात राफाएल हा दूत तर स्वतःच कबूल करतो, की मी जेवताना नुसता दिसत होतो. आमच्या शाखेत तपासणीला येणारे साहेब याच्या नेमके उलट. ते काम करताना नुसते दिसतात, जेवण मात्र खरं असतं.

घरी येऊन मी हे सगळं रंगवून सांगितलं. सौ. गवार निवडत होती. मी शेवटी मोठ्या दिमाखात म्हणालो, "आपल्याकडे बघ, असले प्रश्नच पडत नाहीत. सूर्य थेट कुंतीकडे आला की नाही?"

"आला ना. आणि पेटी नदीत कुणी सोडली? सूर्यानं?"

मी गप्प. तिनं आणखी दोन शेंगा मोडल्या आणि म्हणाली, "त्या बायबलातल्या मुलींना तरी कुणी विचारलं होतं का हो?"

हेडकॅशियरांकडून आणलेलं बायबल मी पुन्हा उघडलं. चारही वचनांत मुलींच्या तोंडी एक अक्षर नाही. पुढच्या वादातही सगळ्यांना चिंता एकच, देवदूताला जमतं की नाही! उलट पौलाच्या एका पत्रात बायकांनी 'दूतांमुळे' मस्तक झाकावं असं जे आहे, त्याचा संबंध इसवी सन २०० च्या सुमाराला टर्टुलियननं याच गोष्टीशी जोडला. म्हणजे नजर घसरली वरच्यांची आणि पदर घ्यायचा खालच्यांनी.

दुसऱ्या दिवशी मी हे हेडकॅशियरांना सांगितलं. ते म्हणाले, "मग तुम्ही हनोखाचं पुस्तक वाचा." बहुतेक बायबलांत ते नसतं, इथिओपियाच्या चर्चनं मात्र ते जपलं. जेम्स ब्रूस नावाच्या स्कॉटिश प्रवाशानं त्याच्या प्रती १७७३ साली युरोपात आणल्या. त्यात हीच गोष्ट ऐसपैस आहे. पहारेकरी म्हणवणारे दोनशे दूत हर्मोन डोंगरावर उतरतात. म्होरक्या शेमिहाझा याला भीती, की उद्या एकटाच अडकेन. म्हणून सगळे मिळून शपथ घेतात. आमच्या भाषेत, जॉइंट सह्या! पुढे पृथ्वीवर हाहाकार होतो, प्रकरण वर जातं, आणि हे दूत गयावया करत हनोखाकडे येतात. म्हणतात, आमच्यासाठी दयेचा अर्ज लिहून दे.

कारण हनोख लेखनिक होता. म्हणजे कारकून!

बिचारा अर्ज लिहितो. वरून उत्तर येतं, की माणसांसाठी तुम्ही रदबदली करायची होती, तुमच्यासाठी माणसानं नव्हे.

हे वाचलं आणि मी पुस्तक मिटलं. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या एका साहेबांविरुद्ध नव्यानं लागलेल्या एका मुलीनं तक्रार केली होती. साहेब माझ्या टेबलाशी आले. आयुष्यात पहिल्यांदाच खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "तुमचं ड्राफ्टिंग चांगलं आहे. जरा खुलासा लिहून द्या." मी दिला. 'उभयपक्षी गैरसमज' हे शब्द माझेच. मला ते तेव्हा फार आवडलेही होते. त्यातला एक पक्ष माझ्यापासून दोन टेबलं सोडून बसत होता. त्या पक्षाला मी काहीच विचारलं नाही. साहेब तिथेच राहिले. मुलीची बदली झाली, लांब.

देवदूताला माणसाच्या मुलीशी संसार करता येतो की नाही, ते मला अजून ठाऊक नाही. अर्ज मात्र त्यांना कारकुनाकडूनच लिहून घ्यावा लागतो, एवढं कळलं. फरक इतकाच, की हनोखाचा अर्ज वरून नामंजूर होऊन आला.

माझा मंजूर झाला.