बधिरता ओसरल्यानंतरचे दुःख

सुरतेच्या उधना-लिंबायत भागात यंत्रमागावर राबणाऱ्या एखाद्या खानदेशी कामगाराच्या मनगटाचे हाड सांधताना, काखेतील किंवा गळपट्टीच्या हाडाजवळील मज्जातंतूंभोवती बुपिव्हाकेनसारखे औषध सोडून केवळ हात बधिर केला, तर शस्त्रक्रियेची वेदना टळते. परंतु काही तासांनी, पुष्कळदा रात्री, ही बधिरता ओसरताच काही रुग्णांत वेदना एकाएकी तीव्रपणे उसळते, आणि तिलाच भूलतज्ज्ञ ‘रिबाउंड पेन’ म्हणतात. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेने आरंभीच लौकिक उपायांवर घेतलेला आक्षेप येथे नेमका लागू पडतो: अशा उपायाने दुःख जाईलच याची खात्री नाही, आणि गेलेले दुःख परतणार नाही याचीही नाही.

त्या औषधात डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड काही मिलिग्रॅम मिसळल्यास बधिरता कित्येक तास लांबते आणि वेदनेची उसळी कमी होते, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे, मात्र त्याने रक्तातील साखर वाढू शकते. डेक्समेडेटोमिडीननेही बधिरता लांबते, पण नाडी मंदावू शकते. उपाय अपूर्ण आहे हे सांख्यांचे म्हणणे खरेच. त्यावरून तो तुच्छ ठरत नाही.

उपचार करताना दिल्या जाणाऱ्या वेदनेचा विचार जैनांनीही केला आहे. याच सुरतेत दिगंबर जैन भट्टारकांची, म्हणजे धर्मगुरूंची, गादी होती, आणि त्या परंपरेला मान्य असलेल्या तत्त्वार्थसूत्रात स्वतःला वा इतरांना दुःख देणे हे असातावेदनीय कर्माचे, म्हणजे पुढे दुःख भोगायला लावणाऱ्या कर्माचे, कारण मानले आहे. त्यावरील ‘सर्वार्थसिद्धी’ टीकेत पूज्यपादांनी मुनीचे गळू कापणाऱ्या वैद्याचा दाखला दिला आहे: त्याच्या हातून वेदना होते, तरी अंतःकरण करुणेचे असल्याने त्याला पाप लागत नाही. हा निवाडा उदार आहे, पण तो शस्त्राच्या क्षणापुरता वाचला जाऊ नये. जी वेदना मध्यरात्री येणार हे वैद्याला आधीच ठाऊक आहे, तिच्याकडे पाठ फिरवणाऱ्या करुणेला पूर्ण करुणा म्हणता येत नाही. ती वेदना रुग्णाने परीषह म्हणून सोसावी, असेही म्हणता येत नाही: परीषह, म्हणजे साधूने समभावाने सोसावयाचे कष्ट, हे स्वेच्छेने पत्करलेले व्रत आहे, आणि ते मजुरावर लादण्याचा अधिकार कोणत्याही कर्मसिद्धान्ताने कोणाला दिलेला नाही.

म्हणूनच मिश्रणात काय घालावे याइतकेच रुग्णाला काय सांगावे हेही महत्त्वाचे ठरते: हात जड असतानाच, दुखण्याची वाट न पाहता, लिहून दिलेली गोळी सुरू करावी, ही सूचना त्याला समजेल अशा मराठीत किंवा अहिराणीत, आणि शक्य तर रात्री त्याच्या उशाशी बसणाऱ्या माणसाच्या देखत, शस्त्रक्रियेपूर्वीच दिली गेली पाहिजे.