काखेतला कळसा

‘समोरच तर होते, मग दिसले कसे नाही?’ हा प्रश्न घरोघरी दिवसातून दोनदा तरी ऐकू येतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणून आपण वेंधळ्यांची कायमची टर उडवून ठेवली आहे. मला वाटते, कळसेवाल्या त्या बाईवर थोडा अन्यायच झाला.

याकोब फॉन उक्स्क्युल या जर्मन जीवशास्त्रज्ञांनी १९३४ साली स्वतःचीच गंमत लिहून ठेवली. मित्राच्या घरी जेवताना त्यांच्यापुढे रोज पाण्याची मातीची सुरई असे. एकदा ती नोकराच्या हातून फुटली, तेव्हा त्याच जागी काचेची ठेवण्यात आली. हे शोधताहेत मातीची! काचेची समोर असून दिसेना. पाणी नेहमीच्याच जागी आहे असे मित्राने बजावले, तेव्हा कुठे ताटांसुऱ्यांवर विखुरलेली चकाकी गोळा होऊन तिची सुरई झाली.

शोधताना मन आधी एक चित्र हाती धरते. तेही पुरते नव्हे. एखादा रंग, एखादा आकार, बस्स. तांबड्या पुठ्ठ्याचे पुस्तक शोधू लागा, घरातले सगळे तांबडे पुढे येते आणि उरलेले घर मागे सरते. हे चित्र नसते तर भरल्या फडताळातून साधी वेलचीची डबी सापडली नसती. तेव्हा त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. पण त्याची किंमत पाहा. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चोवीस क्ष-किरणतज्ज्ञ फुफ्फुसांच्या चित्रांत गाठी शोधत होते. त्यांत गाठीच्या अठ्ठेचाळीस पट मोठा गोरिला घातलेला होता. वीस जणांना तो दिसला नाही. त्यांतल्या बहुतेकांची नजर थेट त्याच्यावर पडली होती.

मग ‘दिसले नाही’ म्हणणारा निर्दोष मानावा काय? डोळ्यांपुरता मी मानतो. चित्राची गोष्ट वेगळी. घरात आपण आईला शोधतो ते स्वयंपाकघरात. ती खिडकीशी पुस्तक घेऊन बसली असेल तर नजर तिच्यावरून पुढे सरकते. उक्स्क्युल यांना सुरई फुटल्याचे कुणी सांगितले नव्हते. आईने मात्र दहादा सांगितलेले असते, की गुडघे दुखतात, आता जरा वाचत बसावेसे वाटते. आपण ‘हो, हो’ म्हणतो आणि चुलीकडे डोकावून हाक मारतो.