जेन मॅनिंग जेम्सची वंशावळ आणि मृतांचे तारण

बाप्तिस्म्याशिवाय तारण नाही, तर तो न घेताच जे वारले त्यांचे काय? या जुन्या ख्रिस्ती प्रश्नाला मॉर्मन पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ याने १८४० मध्ये उत्तर दिले : मृताच्या वतीने जिवंत माणसाने बाप्तिस्मा घ्यावा, तो स्वीकारायचा की नाकारायचा हे मृतात्म्याने ठरवावे. पुढे पती-पत्नींना आणि आईवडील-मुलांना अनंतकाळासाठी जोडणारा बंधनविधीही आला. हे विधी एकेका व्यक्तीच्या नावाने होतात. त्यामुळे वंशावळ शोधणे हे या पंथात धर्मकृत्य ठरले, आणि तारणाचा मार्ग दप्तरखान्यातून जाऊ लागला.

जेन मॅनिंग जेम्स या मॉर्मन स्त्रीचे कूळ शोधू गेल्यास हा मार्ग लवकरच अडतो. तिचा जन्म कनेटिकटमधील विल्टन गावी, स्वतंत्र कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. जन्मवर्ष नोंदीनोंदीत बदलते. तिच्या आईने मात्र गुलामगिरी भोगली होती. अमेरिकेच्या जनगणनेत १८४० पर्यंत फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव लिहीत. १८५० आणि १८६० मध्ये गुलामांची वेगळी यादी झाली, पण तिच्यात नाव सहसा मालकाचे. गुलामाचे वय, लिंग आणि वर्ण एवढेच. अशा घराण्याचा माग मालकाच्या मृत्युपत्रात, गुराढोरांसह केलेल्या मालमत्तेच्या यादीत काढावा लागतो.

जेन १८४३ मध्ये आप्तांसह इलिनॉयमधील नॉव्हू या मॉर्मनांच्या गावाकडे निघाली. वाटेत बोटीचा प्रवास नाकारला गेल्याने या मंडळींनी शेकडो मैल पायी तोडले. तेथे ती स्मिथच्या घरी कामाला राहिली. ‘आमची मुलगी म्हणून तुला आमच्याशी जोडून घेऊ का,’ असे त्याची पत्नी एमा हिने विचारले. अर्थ न उमगल्याने आपण नकार दिला, असे जेनने उतारवयात आठवणी सांगताना नोंदवून ठेवले. पुढे पंथीयांसोबत १८४७ मध्ये ती यूटाच्या खोऱ्यात पोचली.

१८५२ पासून कृष्णवर्णीयांना पौरोहित्य आणि मंदिरातील वरचे विधी उघडपणे नाकारले जाऊ लागले. जेनला मृत नातलगांसाठी बाप्तिस्मा घेता आला. स्वतःसाठी बंधनविधी मागताच दार बंद. ती वर्षानुवर्षे अर्ज करीत राहिली. एप्रिल १८९४ मध्ये पंथाध्यक्ष विल्फर्ड वुडरफ यांनी आदेश दिला, की पंथातील थोरांशी नाते न जोडता प्रत्येकाने आपल्याच आईवडिलांशी, पूर्वजांशी जोडून घ्यावे. त्याच वर्षी यूटाची वंशावळ संस्थाही निघाली. आणि त्याच वर्षी मे महिन्यात जेनला स्मिथ घराण्याशी अनंतकाळासाठी जोडण्यात आले, तेही सेविका म्हणून. या विधीसाठी तिला मंदिरात प्रवेश नव्हता; तिच्या जागी झायना यंग ही दुसरी मॉर्मन स्त्री उभी राहिली. मृतांसाठी योजलेली प्रतिनिधीची सोय इथे जिवंत बाईवर वापरली गेली, ही या प्रकरणातली सर्वांत विलक्षण गोष्ट. विधीमागचे शास्त्र मृताला नकाराची मुभा देते. जेनला मात्र मागितलेले सोडून दुसरेच मिळाले. तिचे समाधान झाले नाही, तिने अर्ज चालूच ठेवले.

जेन १९०८ मध्ये वारली. वर्णबंदी १९७८ मध्ये उठली आणि पुढच्याच वर्षी मंदिरातील दीक्षाविधी तिच्या वतीने पार पडला.